भाडेमदतीचे नियम कोण वाचतं?

न्यू जर्सीतल्या आमच्या भागात हाउसिंग ऑथॉरिटीने, म्हणजे सरकारी घरमदत चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, भाडेमदतीच्या व्हाउचरचे (खासगी घराच्या भाड्यातला काही वाटा सरकार भरतं ती मदत) स्थानिक नियम बदलायला घेतले आहेत, आणि मराठी मंडळी चारजण जमली की हल्ली हाच विषय निघतो. एक बाजू म्हणते, कर आपण भरायचा आणि आपल्याच टाउनशिपमध्ये लोकांना फुकट आणून बसवायचं, हे कसलं धोरण? दुसरी बाजू म्हणते, तुम्हाला गरीब शेजारी नकोत, एवढंच खरं. मग आवाज चढतात, कुणाच्या तरी चुलतभावाच्या भाडेकरूची गोष्ट निघते आणि जेवणाची पानं मांडली की विषय तिथेच राहतो. दोन्ही बाजू माणसांच्या लायकीवर बोलतात: घेणारे फुकटे की गरजू, नाकारणारे दुष्ट की व्यवहारी. ज्या कागदावरून हे सगळं सुरू झालं तो मात्र कुणी उघडलेला नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. व्हाउचर हातात द्यायचं आणि त्यावर घर मिळणार नाही असे नियम ठेवायचे, याला मदत म्हणता येत नाही. भाड्याची कमाल मर्यादा झिप कोडनुसार ठरवावी, घर शोधायची मुदत वाढवावी आणि घरमालकाच्या खऱ्या अडचणींसाठी पैसा बाजूला काढावा. त्यापायी सुरुवातीला थोड्या कमी कुटुंबांना व्हाउचर मिळालं, तरीही.

सगळे ज्याला ‘सेक्शन एट’ म्हणतात ती योजना १९३७च्या गृहनिर्माण कायद्याच्या आठव्या कलमातून आली. आजच्यासारखी भाडेमदत त्या कलमात १९७४ साली घातली गेली आणि १९९८च्या कायद्याने वेगवेगळे प्रकार एकत्र करून आजचं व्हाउचर बनलं. देशभरात साधारण २३ लाख कुटुंबं ते वापरतात. पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाच्या वाट्याला सरकारी भाडेमदत येते, बाकीचे वेटिंग लिस्टवर, आणि ती लिस्टही अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं बंदच असते. दर वर्षी नव्याने देण्यात येणाऱ्या व्हाउचरपैकी निदान ७५ टक्के अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाच द्यावी लागतात. एवढं वॉशिंग्टन, म्हणजे केंद्र सरकार, ठरवतं. पण भाड्याची मर्यादा किती, घर शोधायला किती दिवस, यादीत आधी कोण, मुदतवाढ कुणाला, हे प्रत्येक ठिकाणची हाउसिंग ऑथॉरिटी आपल्या आराखड्यात लिहिते. योजना चालणार की कागदावरच राहणार, ते या रुक्ष पानांवर ठरतं.

उदाहरणासाठी एक कुटुंब घेऊ. वजावटी जाऊन महिन्याचं उत्पन्न २,००० डॉलर. त्यांनी ३० टक्के, म्हणजे ६०० डॉलर भाड्यात घालायचे. ऑथॉरिटीने दोन बेडरूमच्या घरासाठी १,९०० डॉलरची मर्यादा ठेवली असेल, तर ती जास्तीत जास्त १,३०० देणार. वरचे पैसे कुटुंबाने स्वतःच्या खिशातून भरायला हरकत नाही, पण नवीन घर घेताना कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे ८००. बेरीज २,१००, वीज-गॅस धरून. ज्या टाउनशिपमध्ये दोन बेडरूमची घरं २,४०० पासून सुरू होतात, तिथली सगळी दारं या कुटुंबाला बंद झाली. घरमालक सज्जन असो वा दुर्जन, फरक पडत नाही. मर्यादा केंद्राच्या ‘वाजवी भाड्या’च्या साधारण ९० ते ११० टक्क्यांत ठेवायची असते, आणि हे वाजवी भाडं बहुतेक ठिकाणी अख्ख्या महानगर विभागासाठी एकच काढतात: शंभर घरं भाड्याच्या चढत्या क्रमाने लावली तर चाळिसाव्या घराचं. एकाच विभागात जुनी गिरणीगावंही येतात आणि नावाजलेल्या शाळांची उपनगरंही. एकच आकडा दोन्हीकडे लावला की गिरणीगावात तो बाजारभावापेक्षा वर जातो आणि उपनगरात तोकडा पडतो. म्हणजे जिथे घरं आधीच स्वस्त आहेत तिथल्या घरमालकाला सरकार जास्तीचं भाडं देतं, आणि त्याच कुटुंबाला शेजारच्या गावात पाय ठेवू देत नाही. हे कुणाच्या हिताचं आहे?

आता पहिला आक्षेप, आणि तो हलका नाही. गरीब कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळावं, हे मान्य. पण ते महागड्या गावातच का? मी स्वतः अशा गावात घर घ्यायला दहा वर्षं काटकसर केली, मग दुसऱ्याला ते भाड्यावर का मिळावं? यात असूया आहे असं मी म्हणणार नाही. कष्ट करणाऱ्या माणसाला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण गरिबांची घरं एकाच ठिकाणी रचण्याचा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. सेंट लुइसमधल्या प्रुइट-आयगो वसाहतीच्या ३३ इमारती १९५०च्या दशकात मोठ्या अपेक्षेने उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून पाडायला घेतल्या गेल्या. शिकागोत सार्वजनिक घरं जाणूनबुजून कृष्णवर्णीय वस्त्यांमध्येच बांधली जातात म्हणून १९६६ साली रहिवाशांनी दावा लावला. तो गोट्रो खटला १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि उपाय शहराच्या हद्दीबाहेर, उपनगरांतही करता येईल असं न्यायालयाने सांगितलं. त्यातून हजारो कुटुंबांना व्हाउचरसारखी मदत घेऊन दुसरीकडे राहायला जाता आलं.

मग काय झालं? १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांवर मोठा प्रयोग झाला. सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागातच चालणारं व्हाउचर दिलं, काहींना साधं व्हाउचर, काहींना काहीच नाही. पहिली दहा-पंधरा वर्षं विरोधकांना बोलायला जागा होती. मोठ्या माणसांची कमाई वाढली नाही. लठ्ठपणा आणि मधुमेहाचं प्रमाण घटलं, मन स्वस्थ झालं, पण पगार तोच. पुढे राज चेट्टी, नॅथॅनियल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी त्या घरांतली मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत ज्यांचं घर बदललं, त्यांची पंचविशीतली कमाई न हललेल्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. जी मुलं त्याहून मोठ्या वयात हलली त्यांना मात्र फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच. म्हणजे वेळ महत्त्वाची. सात वर्षांच्या मुलीच्या आईला वेटिंग लिस्टवर सहा वर्षं थांबवलं आणि शेवटी त्याच गल्लीत परत पाठवलं, तर मदतीचा सगळ्यात मोठा लाभ वाया गेला. आपण मराठी माणसं इथे घर घेताना आधी काय पाहतो? शाळेचं रेटिंग. त्यासाठी दोन बेडरूम कमी चालतात, प्रवास वाढला तरी चालतो. मुलांसाठी गाव निवडणं हा आपल्याला शहाणपणा वाटतो, मग दुसऱ्या आईने तेच केलं की आगाऊपणा कसा होतो?

कराचा मुद्दा मी थोडक्यात घेते, कारण तो जितक्या जोरात मांडला जातो तितका टिकत नाही. घरासाठी सरकारी मदत फक्त व्हाउचरवालेच घेतात असं नाही. गृहकर्जाच्या व्याजावर साडेसात लाख डॉलरच्या कर्जापर्यंत वजावट मिळते. घर भाड्याने दिलं की जमीन सोडून त्याची किंमत साडेसत्तावीस वर्षांत घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येते, मग घराचा भाव प्रत्यक्षात वाढत का असेना. मी स्वतः एक छोटं घर भाड्याने देते आणि ही वजावट दर वर्षी घेते. कायदेशीर आहे, घ्यावी. पण सरकारने घरावर केलेला एक खर्च आपला हक्क आणि दुसरा मात्र भीक, असं म्हणता येणार नाही. एच-वन व्हिसावरच्या माणसाला व्हाउचर मिळत नाही ही तक्रार खरी आहे. ती वॉशिंग्टनला करायची तक्रार आहे, शेजारच्या गावातल्या बाईला नव्हे.

खरा कठीण आक्षेप बजेटचा आहे, आणि तो बहुतेक वेळा विरोधकांकडून येत नाही, हाउसिंग ऑथॉरिटीच्या आतल्या माणसांकडून येतो. अमेरिकेच्या काँग्रेसकडून, म्हणजे संसदेकडून, येणारा पैसा ठरलेला. प्रत्येक कुटुंबामागे २०० डॉलर जास्त गेले, तर तेवढ्या कमी कुटुंबांना व्हाउचर मिळणार. यादीतल्या शेवटच्या माणसाला काय सांगायचं? हे मी मान्य करते, आणि तरीही नियम बदलावेत असं म्हणते. कारण आजचा हिशोबही पूर्ण मांडलेला नाही. देशभर पाहिलं तर ज्यांना व्हाउचर दिलं जातं त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांनाच ते वापरता येतं. बाकीचे मुदतीत घर न मिळाल्याने हातातलं गमावतात. प्रत्येक न वापरलेल्या व्हाउचरमागे उत्पन्नाची तपासणी, मुलाखत, कागद झालेले असतात, आणि ऑथॉरिटीला कारभाराचा खर्च मात्र प्रत्यक्ष भाड्याने लागलेल्या घरांवर मिळतो. दुसरं असं की झिप कोडनुसार मर्यादा म्हणजे सगळीकडे वाढ नव्हे. महाग भागात ती चढते तशी स्वस्त भागात उतरते, आणि जास्तीचं भाडं बंद झाल्याने काही पैसा सुटतो. स्वस्त भागात आज राहणाऱ्या कुटुंबांना मात्र या उतरण्याचा फटका बसता कामा नये, नाहीतर सुधारणेच्या नावाखाली म्हातारी माणसं बेघर होतील. त्याच घरात आहेत तोवर जुनी मर्यादा चालू ठेवायची मुभा केंद्राच्या नियमात आहे. ती आमच्या आराखड्यात शब्दशः लिहिली गेली पाहिजे.

भाडं वाढवून दिलं की घरमालक तेवढंच भाडं चढवतात, व्हाउचर नसलेल्या कष्टकऱ्यालाही ते भोवतं, असंही म्हटलं जातं. त्याला आधार आहे, काही अभ्यासांत तसं दिसलं आहे. पण कोणत्या वाढीबद्दल? अख्ख्या विभागाची मर्यादा एकदम वर नेली, की घरं तीच राहतात आणि भाडी चढतात. डॅलसमध्ये २०११ पासून झिप कोडनुसार मर्यादा आल्या, तेव्हा कुटुंबं चांगल्या वस्त्यांकडे सरकली आणि सरकारी खर्च फारसा वाढला नाही. म्हणूनच २०१६ साली केंद्राने २४ महानगर विभागांना ही पद्धत सक्तीची केली. त्यांत न्यू जर्सीतले बर्गन-पसेइक आणि मनमथ-ओशन हेही होते. २०१७ मध्ये केंद्राने हा नियम लांबणीवर टाकायचा प्रयत्न केला, तो डिसेंबरात न्यायालयाने हाणून पाडला. आमच्या शेजारच्या काउंट्या इतकी वर्षं हे करताहेत, आणि आमच्याकडे अजून ‘असं कुठे असतं का’ असं विचारलं जातं.

घरमालकांची बाजू मला आतून माहीत आहे. व्हाउचरवाल्या कुटुंबाला घर देताना ऑथॉरिटीकडून तपासणीला माणूस येतो. तो नळ सोडतो, स्टोव्हचे चारही बर्नर पेटवतो, खिडकी आतून लागते का पाहतो, धूरसूचकाचं बटण दाबतो, स्वयंपाकघरातल्या सिंकजवळचा प्लग पॉइंट टेस्टर लावून तपासतो. माझ्याकडे जिन्याचा कठडा हलत होता आणि बाथरूमच्या एका स्विचची पट्टी तुटलेली होती. दोन्हीची दुरुस्ती किरकोळ, पण दुसऱ्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत घर रिकामं. त्या दिवसांचं भाडं मला कुणी देत नाही. पहिला चेक यायलाही वेळ लागला. माझ्या गृहकर्जाचा हप्ता मात्र एक तारखेलाच गेला. एखाद-दुसरं घर असलेल्या, नोकरी सांभाळून हे करणाऱ्या माणसाने अशा वेळी ‘नको बाबा हे’ म्हटलं, तर त्याला लगेच वर्णद्वेषी ठरवणं अन्याय आहे.

पण या अडचणीतून निष्कर्ष काय काढायचा? इथे मराठी माणसाला तरी मुंबईची आठवण यायला हवी. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. हेतू चांगला होता: युद्धानंतर आणि फाळणीच्या काळात शहरात लोंढे येत होते, गिरणीकामगाराला रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं. पण गरिबाला आधार द्यायचा सगळा भार घरमालकाच्या अंगावर टाकला गेला. पन्नास वर्षं तेच भाडं घेणाऱ्याने दुरुस्ती करायची कशातून? मग पागडी आली, काळा पैसा आला, १९६९ साली दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, आणि आजही दर पावसाळ्यात गिरगाव, भुलेश्वर, डोंगरीतल्या जुन्या इमारतींना नोटिसा लागतात. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असं म्हटलं, आणि २००० सालापासून नवा कायदा लागू झाला. व्हाउचर नेमकं याच्या उलट करतं. घरमालकाला बाजारभावाने भाडं मिळतं, आणि भाडेकरूला न परवडणारा फरक सगळ्या समाजाच्या तिजोरीतून येतो. आजोबांची चाळ भाडे कायद्यापायी गेली म्हणून हळहळणाऱ्याने या योजनेचा सगळ्यात आधी पुरस्कार करायला हवा. तिच्यात घरमालकाचा जो वेळ आणि पैसा जातो, तोही समाजाने भरून द्यावा, एवढंच मागायचं आहे.

आणि ते शक्य आहे. कारभाराच्या निधीतून डिपॉझिटला मदत करायची, घरमालकाला प्रोत्साहन म्हणून रक्कम द्यायची परवानगी केंद्राने २०२२ साली दिली. वॉशिंग्टन राज्यात भाडेकरूकडून झालेलं नुकसान भरून देणारा निधी २०१८ पासून आहे. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत घेता येतं. २,४०० डॉलरच्या घराला ते ३,६०० होतात. महिन्याला २,००० मिळवणारी बाई साठ दिवसांत ते कुठून उभे करणार? केंद्राच्या नियमात साठ दिवस ही किमान मुदत आहे, कमाल नव्हे. तरी अनेक आराखड्यांत तोच आकडा लिहिला जातो, कारण आधीच्या वर्षीच्या कागदात तो होता. सिएटल आणि किंग काउंटीत २०१८ पासून कुटुंबांना घर शोधायला सोबत करणारा माणूस दिला, घरमालकाशी बोलायला माणूस दिला, डिपॉझिट आणि अर्जाच्या फीला थोडे पैसे दिले. चांगल्या संधीच्या भागात जाणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. तीच व्हाउचर, तशीच कुटुंबं. म्हणजे ‘त्यांना आपल्याच लोकांत राहायला आवडतं’ हे जे खात्रीने सांगितलं जातं, ते खरं नव्हतं.

कायद्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपल्यात गैरसमज फार आहेत. ‘मी सेक्शन एट घेत नाही’ असं न्यू जर्सीत घरमालकाला म्हणता येत नाही. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली व्हाउचरच्या कारणावरून भाडेकरूला नाकारता येणार नाही असा निकाल दिला, आणि २००२ पासून भेदभावविरोधी कायद्यातच भाड्याच्या पैशाचा कायदेशीर स्रोत हे संरक्षण आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या पाहणीत, कायदा नसलेल्या फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के घरमालकांनी व्हाउचर नाकारलं, नेवार्कमध्ये ३१ टक्क्यांनी, राजधानी वॉशिंग्टनमध्ये १५ टक्क्यांनी. फिलाडेल्फियात कायदा असून ६७ टक्क्यांनी. त्यामुळे नुसत्या कायद्याने भागत नाही, हे विरोधकांचं म्हणणं बरोबर आहे. अंमलबजावणी हवी, आणि तपासणीला लागणारा वेळही कमी व्हायला हवा. पण २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईंना, मराठी म्हणून, जागा नाकारली गेली तेव्हा इथे न्यू जर्सीत बसून आपण किती चिडलो होतो! त्या बाईंच्या भाडं भरायच्या ऐपतीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, म्हणूनच तर राग आला. व्हाउचर घेऊन फोन करणाऱ्या बाईचंही भाडं भरलं जाणारच असतं. वरच्या उदाहरणातल्यासारखे १,३०० डॉलर सरकारकडून येणार असतात, नोकरी जावो वा राहो. तिला ‘घर गेलं’ असं सांगून दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात चालू ठेवणारा माणूस मुलुंडच्या प्रकारावर रागवायचा हक्क गमावून बसतो.

वार्षिक आराखडा जाहीर सुनावणीआधी निदान ४५ दिवस लोकांना पाहायला ठेवावा लागतो, आणि त्यावर लेखी म्हणणं देता येतं. माझं म्हणणं मी देणार आहे. मर्यादा झिप कोडनुसार हवी आणि मुदत १२० दिवस हवी, हे त्यात आहेच. पण त्याआधी मी चार आकडे मागितले आहेत. गेल्या वर्षी किती व्हाउचर दिली? त्यांतली किती न वापरता परत आली? वापरली गेली ती कोणत्या झिप कोडमध्ये? आणि घरमालकाने अर्ज दिल्यापासून तपासणी होईपर्यंत सरासरी किती दिवस गेले? बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघांनीही सुनावणीत हेच चार प्रश्न विचारावेत. ऑथॉरिटीच्या नोंदींत ही माहिती असतेच. लोकांपुढे ठेवलेल्या मसुद्यात ती नाही, आणि माहिती गोळा करायला वेळ लागतो या सबबीवर नव्या मर्यादा आणखी एक वर्ष पुढे ढकलल्या जाऊ नयेत.